ख्रिस्तसभेतील युवासेवा आणि किशोरांचे तरुण मार्गदर्शक : विशेष संदर्भ वसई परिसर

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच मिशन शाळा, छापखाने, दवाखाने आणि धर्मांतरितांची आत्मवृत्ते यांकडे जाते. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या जीवनकार्यावर विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु रविवारचे मिस्साबलिदान आटोपल्यावर चर्चच्या आवारातील एखाद्या खोलीत तेरा ते पंधरा वर्षांच्या दहा-बारा मुलामुलींना घेऊन बसणारा जो बावीस-तेवीस वर्षांचा तरुण किंवा तरुणी असते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ही व्यक्ती धर्मगुरू नसते, पगारी शिक्षक नसते आणि पालकही नसते. तिला या कामाचे मानधन मिळत नाही. बहुधा ती स्वतः पदवीच्या शेवटच्या वर्षात असते किंवा नुकतीच नोकरीला लागलेली असते. आमच्या महाविद्यालयातही असे विद्यार्थी असतात. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते गैरहजर राहिले, तर बहुधा दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी धर्मग्रामात किशोरांचे शिबिर असते!

प्रस्तुत लेखात या तरुण मार्गदर्शकाचा विचार केला आहे. लेखक धर्मशास्त्राचा अभ्यासक नसून समाजशास्त्राचा शिक्षक आहे. त्यामुळे श्रद्धेच्या सत्यासत्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ख्रिस्तसभेने किशोरांच्या मार्गदर्शनासाठी प्रौढ आणि अनुभवी माणसांऐवजी वारंवार तरुणांचीच निवड का केली, त्या निवडीचा तरुणांच्या स्वतःच्या आयुष्याशी कसा संबंध येतो आणि ते काम सोडून जातात तेव्हा मागे राहिलेल्या मुलांचे काय होते, हे तीन प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. लेखकाच्या मते तोच मुख्य आहे.

वयाने जवळचा मार्गदर्शक : ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक काळातील ख्रिस्ती बालकार्याचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र-मालकाने सुरू केलेल्या रविवारच्या शाळांपासून मानला जातो. आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या गरीब मुलांना उरलेल्या एका दिवशी अक्षरओळख आणि धर्मशिक्षण द्यावे, हा त्यामागील हेतू होता. आरंभीचे शिक्षक पगारी होते. पुढे स्वयंसेवक आले आणि त्यांत याच शाळांतून शिकून गेलेल्या तरुणांचा भरणा वाढत गेला. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘शब्बाथशाळा’ या नावाने जी परंपरा रुजली, तिचे मूळ येथे आहे.

एकोणिसाव्या शतकात या कार्याचे स्वरूप पालटले. औद्योगिक शहरांत घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांचा एक नवा वर्ग उदयास आला होता. लंडनमधील कापडाच्या पेढीत नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स याने १८४४ साली आपल्या सहकाऱ्यांसह वाय.एम.सी.ए.ची स्थापना केली, तेव्हा त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते. अमेरिकेतील मेन राज्यातील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने १८८१ मध्ये ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही तरुणांची संघटना सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, सभा चालविणे, प्रार्थना घेणे, समित्यांचे काम पाहणे ही जबाबदारी तरुणांवरच सोपविलेली असे.

कॅथोलिक परंपरेत या संदर्भात पहिले नाव डॉन बॉस्को यांचे घ्यावे लागते. माटुंग्याच्या शाळेमुळे हे नाव मुंबईकरांना परिचित आहे. मात्र त्यामागील माणूस तितकासा परिचित नाही. ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतील तुरिन शहरात बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा गवंडीकाम करणारा एक अनाथ मुलगा चर्चमध्ये आला होता. त्याला हाकलून लावले जात असताना तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. त्या भेटीपासून आपल्या कार्याचा आरंभ झाला असे ते सांगत. त्यांचे वय त्या वेळी २६ वर्षांचे होते. पुढे मुलांची संख्या शेकड्यांनी वाढली, तेव्हा मोठ्या मुलांना लहानांच्या सोबतीला ठेवणे हाच उपाय होता. १८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संस्थेची पायाभरणी केली, तेव्हा सोबत असलेले बहुतेक जण त्यांच्याच छायेत वाढलेले तरुण होते. त्यांपैकी मिखाएल रुआ यांचे वय २२ होते आणि १८८८ मध्ये बॉस्को यांच्या निधनानंतर तेच संस्थेचे प्रमुख झाले. डॉन बॉस्को यांची ‘प्रतिबंधक पद्धती’ बुद्धी, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर उभी होती. शिक्षा करण्याची वेळ येऊ नये यासाठी शिक्षकाने सतत मुलांमध्ये, त्यांच्या खेळातही, हजर असावे असा तिचा आग्रह होता. मुलांमध्ये दिवसभर असे वावरणे वयस्क माणसाला किती झेपेल? पद्धतीची मागणीच तरुणांकडे बोट दाखवीत होती.

बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ मध्ये तरुण कामगारांची जी चळवळ उभी केली, तिने हे तत्त्व अधिक स्पष्ट शब्दांत मांडले. कामगार तरुणांपर्यंत कामगार तरुणच पोहोचू शकतो, ही तिची भूमिका होती. ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही तिची त्रिसूत्री पोप तेविसावे जॉन यांच्या १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात स्वीकारली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जे फर्मान काढले, त्यातही तरुणांमध्ये थेट कार्य करणारे पहिले प्रेषित तरुणच असावेत असे म्हटले आहे. अमेरिकेतील टेक्सस राज्यात जिम रेबर्न यांनी १९४१ मध्ये ‘यंग लाइफ’ ही संस्था स्थापन केली आणि मुले चर्चमध्ये येण्याची वाट न पाहता ती जिथे असतात तिथे, म्हणजे शाळेच्या मैदानावर, जावे असा पायंडा पाडला. पंथ, देश आणि शतक वेगवेगळे असूनही निष्कर्ष मात्र एकच निघत गेला, हे लक्षणीय आहे.

वसईतील चित्र

वसई परिसराची निवड करण्यामागे विशिष्ट कारण आहे. येथील कॅथोलिक समाजाची उपासना मोठ्या प्रमाणात मराठीत चालते. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसईचा ताबा मिळविला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत येथे रुजलेला समाज आज सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा गटांत विभागलेला आहे. प्रत्येकाची बोली निराळी, लग्नातले रिवाज निराळे. पापडी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही गावे वाडी-बागायतीची, केळीची आणि फुलांची म्हणून ओळखली जात. आज त्यांतील घराघरांतून सकाळी कोणी तरी चर्चगेटची लोकल गाठण्यासाठी निघालेले असते. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

धर्मग्रामातील मुलांचे धर्मशिक्षण साधारणतः प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार आणि दृढीकरण या दोन संस्कारांभोवती गुंफलेले असते. पहिला संस्कार बालपणी होतो. दृढीकरण मात्र माध्यमिक शाळेच्या वयात होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी मुलाच्या वतीने दिलेला होकार आता मुलाने स्वतः उच्चारावयाचा, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ सांगितला जातो. त्याची तयारी करून घेणाऱ्यांत तरुणांचा वाटा मोठा असतो. रविवारच्या वर्गात ज्या व्यक्तीला मुले ‘टीचर’ किंवा ‘सर’ म्हणतात, तीच व्यक्ती युवक-गटात ‘दादा’ किंवा ‘ताई’ होते. हा फरक केवळ संबोधनाचा नाही. ‘टीचर’ला पवित्र आत्म्याची सात दाने पाठ म्हणून दाखवायची असतात, ‘दादा’ला मात्र वडील रोज पिऊन येतात हे सांगता येते.

भाषेच्या अंगाने या मार्गदर्शकाकडे आणखी एक काम येते आणि त्याची फारशी दखल घेतली जात नाही. घरात सामवेदी म्हणजे कादोडी बोली किंवा वाडवळी, उपासनेत प्रमाण मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत येथील मूल वाढते. आजीला जपमाळेच्या प्रार्थना तोंडपाठ असतात, नातवाला त्यांतले अर्धे शब्द कळत नाहीत. ‘तारण’, ‘कृपा’, ‘पश्चात्ताप’ हे शब्द इंग्रजी माध्यमातील तेरा वर्षांच्या मुलाला पाठ असतात, पण ते त्याच्या अनुभवाला जाऊन भिडत नाहीत. अशा वेळी शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीत, बाप-लेकाच्या जमिनीच्या भांडणाच्या ओघात सांगणारा तरुण हा एक प्रकारचा दुभाष्याच असतो. जमिनीचे भाव कुठे पोचले आहेत हे त्या मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे वडिलांच्या हयातीत वाटणी मागणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजवावे लागत नाही.

प्रत्यक्ष कार्याचे स्वरूप

या कार्याचे अभ्यासक्रमातील स्वरूप आणि प्रत्यक्षातील स्वरूप यांत बरीच तफावत आढळते. कागदावर तासाभराचा वर्ग असतो : प्रार्थना, बायबलमधील उतारा, चर्चा, गाणे. खरे काम त्या तासाच्या अलीकडे-पलीकडे होते. आगमनकाळात नाताळचा गोठा उभारताना, उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाच्या नाट्यप्रवेशाची तालीम करताना, फुटबॉलचे सामने भरवताना किंवा एखाद्याच्या आजोबांच्या अंत्यविधीसाठी बाके मांडताना मुले बोलू लागतात. किशोरवयीन मुलाला समोर बसवून ‘तुला काही त्रास आहे का?’ असे विचारले, तर उत्तर ‘काही नाही’ असेच येते. तोच मुलगा बांबूची कामटी सोलता सोलता, नजर न उचलता, पुष्कळ काही सांगून जातो. हात कामात असले की जीभ सैल होते, हे आपल्याकडच्या शेतकरी बायकांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

मुलांचे प्रश्नही ठरलेल्या धड्यात बसणारे नसतात. प्रार्थना करूनही आजारी आई का वाचली नाही? वर्गातला जिवलग मित्र ख्रिस्ती नाही, मग त्याचे तारण होईल की नाही? आईवडील रविवारी चर्चला पाठवतात आणि स्वतः शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे बोलत नाहीत, ते कसे? यांतील पहिल्या प्रश्नाने मोठमोठ्या धर्मपंडितांना शतकानुशतके पेचात टाकले आहे. बावीस वर्षांच्या मुलीकडे त्याचे तयार उत्तर असेल अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे होईल. तिने ‘मलाही कळत नाही, माझे वडील गेले तेव्हा मीही हेच विचारले होते’ असे सांगितले, तर त्याने धर्मशिक्षणाची हानी होते काय? लेखकास तसे वाटत नाही. या मुद्द्यावर खुद्द कॅथोलिक ख्रिस्तसभेचे अधिकृत मतही याच दिशेचे आहे. तरुणांविषयी २०१८ मध्ये रोम येथे बिशपांची जी परिषद भरली, तिच्या आधी मार्च महिन्यात जगभरातील सुमारे तीनशे तरुणांची पूर्वबैठक झाली होती. मार्गदर्शक कसा असावा याचे वर्णन तेथे तरुणांनीच केले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मधील ‘ख्रिस्तुस विवित’ या प्रबोधनपत्रात ते समाविष्ट केले. मार्गदर्शकाला निर्दोष समजून उंच आसनावर बसवू नये, त्यानेही स्वतःच्या चुका मान्य कराव्यात आणि तरुणांना आपले अनुयायी न बनविता त्यांच्याबरोबरीने चालावे, असा त्याचा आशय आहे.

मार्गदर्शकाचे स्वतःचे आयुष्य

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ ही संकल्पना मांडली. साधारण अठरा ते पंचवीस या वयात माणूस किशोर राहिलेला नसतो, परंतु पूर्ण प्रौढही झालेला नसतो. शिक्षण, काम, प्रेम आणि जीवनदृष्टी या सर्वच बाबतींत त्याची चाचपणी चालू असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही संकल्पना भारतीय समाजाला जशीच्या तशी लागू पडेल असे नाही, कारण आपल्याकडे या वयाच्या निर्णयांवर कुटुंबाची छाया दाट असते. तरीही मार्गदर्शकाची कोंडी समजण्यासाठी ती उपयुक्त आहे. एरिक एरिक्सन यांनी किशोरावस्थेचा मुख्य प्रश्न ‘मी कोण?’ हा मानला होता. येथे तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या शेजारी बसलेली व्यक्तीही स्वतःशी तोच प्रश्न घोळवीत असते. फरक इतकाच की तिने तो सुटल्यासारखे दिसावे अशी सर्वांची अपेक्षा असते.

लोकलच्या गर्दीत रोज तीन-चार तास घालवून घरी येणारा तरुण रविवारची सकाळ झोपेत घालवू इच्छिला, तर त्याला दोष देता येणार नाही. तो चर्चमध्ये येतो. घरी त्याला ऐकावे लागते, ‘चर्चच्या कामाने पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न विचारणारे आईवडील श्रद्धाळूच असतात; त्यांना मुलाच्या कंत्राटी नोकरीची काळजी असते. दुसरीकडे गावाची नजर असते. एखाद्या मुलीबरोबर तो स्टेशनवर दिसला की ‘हा आमच्या मुलांना काय शिकवणार?’ अशी कुजबुज सुरू होते. धर्मग्राम हे लहानसे जग आहे, तेथे खाजगी असे फार थोडे राहते. परिणामी, ज्या मोकळेपणासाठी तरुणाची निवड झाली, तोच मोकळेपणा त्याला स्वतःसाठी परवडत नाही.

याहून गंभीर बाब श्रद्धेच्या चढउताराची आहे. वीस-बावीस या वयात अनेकांच्या मनात बालपणीच्या श्रद्धेविषयी शंका उत्पन्न होतात. ज्या वर्षी मार्गदर्शकाचे स्वतःचे मन प्रार्थनेत लागत नाही, नेमके त्याच वर्षी त्याला दृढीकरणाचा गट सांभाळावा लागतो. तो कोणाकडे बोलणार? धर्मगुरूंची तीन-चार वर्षांनी बदली होते. सोबतचे मार्गदर्शक त्याच वयाचे, त्याच अवस्थेतले. प्रशिक्षण शिबिरांतून त्याला खेळ, गाणी, गटचर्चेची तंत्रे शिकविली जातात. मात्र त्याचे स्वतःचे म्हणणे ऐकून घेणारी, ठरावीक दिवशी भेटणारी वडीलधारी व्यक्ती बहुधा नेमलेली नसते. वस्तुतः हा खर्चाचा प्रश्न नाही. धर्मग्रामातील एखादे निवृत्त शिक्षक दांपत्य महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या घरी चार मार्गदर्शकांना चहाला बोलावू लागले, तरी बरेच साधेल.

तरुणींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या कार्यात मुलींचा सहभाग मोठा आहे आणि कित्येक धर्मग्रामांत काम त्यांच्यावरच तरलेले आहे. विवाह झाला की मुलगी सासरच्या धर्मग्रामात जाते. तेथे तिला कोणी ओळखत नाही. माहेरच्या पाच-सहा वर्षांच्या अनुभवाची तेथे कुठेच नोंद नसते. ती सून म्हणून चर्चला जाते आणि मागच्या बाकावर बसते. शाळेतील शिक्षिकेची बदली झाली तर तिच्यासोबत सेवापुस्तक जाते. या मुलींसोबत काहीच जात नाही. एका धर्मग्रामाने दुसऱ्याला साधे पत्र पाठविण्याची पद्धत सुरू केली, तर हा अनुभव वाया जाणार नाही.

टिकणे आणि सोडून जाणे

आता प्रास्ताविकातील तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या कार्यक्रमातील किशोरांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मार्गदर्शकाशी असलेले नाते एक वर्ष किंवा त्याहून अधिक टिकले, त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचे त्यात दिसले. याउलट ज्यांचे नाते पहिल्या तीन महिन्यांतच तुटले, त्यांच्या स्वतःविषयीच्या मूल्यभावनेत घट झाल्याचे आढळले. थोडक्यात, अर्धवट सुटलेले मार्गदर्शन मुलासाठी तोट्याचे ठरू शकते. हा अभ्यास धार्मिक कार्यासंबंधीचा नाही, तेथील नाते एकास एक असे होते, येथे गट असतो; हे भेद ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग केला पाहिजे. परंतु त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. तेरा वर्षांचे मूल मोठ्या माणसाच्या अनुपस्थितीचा अर्थ स्वतःकडे ओढून घेते. ‘दादाला पुण्यात नोकरी लागली’ हे त्याला कोणी सांगितले नाही, तर ‘मी त्याला ते सगळे सांगितले, म्हणून तो यायचा बंद झाला’ असा निष्कर्ष ते काढू शकते.

तरुण मार्गदर्शक सोडून जाणारच, कारण सोडून जाण्याचेच ते वय आहे. वसईतून पुणे-बंगळूर, आखाती देश, कॅनडा अशा वाटा फुटतात. स्पर्धा परीक्षा असतात, विवाह असतो. जी वयाची जवळीक या कार्याचे बळ म्हणून पावणेदोनशे-दोनशे वर्षे वाखाणली गेली, तिच्याच पोटात हे जाणे दडलेले आहे. संस्थेने मात्र आपली व्यवस्था असे आखली आहे, जणू मार्गदर्शक कायमचा मिळाला आहे. तो गेला की रिकाम्या जागी घाईघाईने दुसरा बसविला जातो. पोप फ्रान्सिस यांनी, दृढीकरणाला काही ठिकाणी ‘निरोपाचा संस्कार’ म्हटले जाते, कारण त्यानंतर मुले चर्चमध्ये दिसेनाशी होतात, अशी खंत व्यक्त केली होती. मुले का जातात याची चर्चा सर्वत्र होते. त्यांच्या आधी त्यांचा मार्गदर्शक निघून गेलेला होता काय, हेही विचारून पाहण्याजोगे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या किशोरांच्या धार्मिकतेच्या विस्तृत अभ्यासात, मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत मोठा प्रभाव पालकांचा असतो असे दाखवून दिले आहे. तेव्हा मार्गदर्शकाचे महत्त्व वाढवून सांगण्यात अर्थ नाही. तो पालकांची जागा घेऊ शकत नाही आणि त्याने घेऊही नये. ज्या घरात श्रद्धेविषयी कधीच बोलले जात नाही, त्या घरातील मुलाला रविवारच्या एका तासाने घडविता येईल, ही पालकांची सोयीस्कर समजूत आहे.

मर्यादा आणि कायदा

किशोरांशी जवळीक साधणाऱ्या प्रत्येक कार्यात गैरवापराचा धोका असतो आणि जगभरातील ख्रिस्तसभेला गेल्या काही दशकांत त्याचे अत्यंत क्लेशदायक पुरावे पाहावे लागले आहेत. २०१९ मध्ये व्हॅटिकनने ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या आदेशाद्वारे तक्रारींविषयीचे नियम घालून दिले आणि २०२३ मध्ये ते कायम केले. भारतात २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा सर्वांनाच लागू आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. प्रौढ मार्गदर्शक बावीस वर्षांचा असो वा बासष्ट, त्याला यातून सूट नाही.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, ‘तू सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ हे वचन मार्गदर्शकाने कधीही देऊ नये. प्रायश्चित्त संस्कारातील गोपनीयतेचे बंधन धर्मगुरूवर असते. मार्गदर्शकाला तसा अधिकार नाही आणि तसे बंधनही नाही. मूल बोलू लागण्यापूर्वीच, ‘तुला धोका असेल, तर मला ते योग्य माणसाला सांगावे लागेल, पण तुला कळल्याशिवाय सांगणार नाही’ असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे. मुलांनाही १०९८ ही बालसाहाय्य क्रमांकाची माहिती आधीच दिलेली असावी. व्हॉट्सॲपवर रात्री उशिरा एका मुलाशी किंवा मुलीशी स्वतंत्र संभाषण न करणे, बंद खोलीत एकट्याने न भेटणे, शिबिराला किमान दोन मार्गदर्शक असणे, हे नियम काही तरुणांना अविश्वासाचे वाटतात. वयातील अंतर पाच-सात वर्षांचे असताना ओढ निर्माण होणे अशक्य नसते, आणि सतरा वर्षांच्या मुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमती ठरत नाही. ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, आडवळणे न घेता सांगितली गेली पाहिजे. लाजेपोटी ती टाळली जाते, असा अनुभव अनेक मार्गदर्शक खाजगीत सांगतात.

निरोपाची व्यवस्था

प्रत्येक गटाला एकाऐवजी दोन मार्गदर्शक असावेत आणि त्यांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असावे, ही सर्वांत सोपी योजना होय. थोरला निघून जातो, तेव्हा धाकटा मुलांच्या ओळखीचा झालेला असतो. काम स्वीकारताना किमान दोन वर्षांची मुदत बोलून घ्यावी. ज्याला ती शक्य नसेल त्याला गोठा, नाटक, सामने अशी ठरावीक मुदतीची कामे द्यावीत. तेही काम महत्त्वाचेच आहे आणि त्यात कोणाचे मन गुंतून तुटण्याचा धोका कमी असतो. मार्गदर्शक जाणार हे ठरले की मुलांना महिनाभर आधी कळावे, जाण्याचे कारण त्याने स्वतः सांगावे आणि ज्या दोन-तीन मुलांनी त्याच्यापाशी मन मोकळे केले असेल, त्यांना त्याने वेगळे भेटावे, अर्थात आवारात, सर्वांच्या नजरेसमोर.

गेल्यानंतर संबंध किती ठेवावा, याविषयी मात्र मतभेद आहेत. दुबई किंवा टोरांटोला गेलेले कित्येक जण गटाच्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे राहतात, नाताळच्या गोठ्याची छायाचित्रे पाहतात, सूचना करतात. नव्या मार्गदर्शकाला ते अडचणीचे होते. मुले जुन्या दादालाच विचारत राहतात. लेखकाचे मत असे की, गटातून बाहेर पडावे आणि ज्याला वाटेल त्या मुलाने पत्र किंवा संदेश पाठवावा, इतकी वाट उघडी ठेवावी. त्या मुलांपैकी काही जण पाच वर्षांनी स्वतः नव्या दहा-बारा मुलांना घेऊन त्याच खोलीत बसलेले दिसतात, आणि त्यांना आपल्या दादाने काय शिकविले होते असे विचारले, तर बहुतेकांना धडा आठवत नाही. तो जाण्याच्या आधल्या रविवारी भेटायला आला होता की नाही, एवढे मात्र ते नेमके सांगतात.